लांब हाळी

खोली बगायला आले तवा त्यांनी खोली बगितलीच न्हाई.

दारात उभे ऱ्हायले, मान वर करून. मी म्हनलं, "आत या, पत्रा गळत न्हाई."

"पत्रा राहू द्या, आक्का. वरून लाईटीची तार कुठून जाते?"

"तार हिकडं रस्त्याच्या कडंनं गेलीया. मागं निस्तं रान हाय."

मंग घराला वळसा घालून मागं गेले. माजं रान मंजे काय, खालच्या अंगाला भाताची दोन खाचरं, वर पडीक माळ. त्या माळाव उभं ऱ्हाऊन त्यांनी चारी बाजू बगितल्या. टावर कुठं हाय ते बगितलं, झाडं बगितली, वारं कुठनं येतं ते माती सोडून बगितलं. परत आले आन् म्हनले, "जमलं. कधी येऊ?"

"आवो, मोरी कुठंय, चूल कुठं मांडायची, ते तरी बगा."

"ते असेलच की," म्हनले.

आमच्या शिनोलीत त्यांना समदी चाचाच म्हनायची, मी बी चाचाच म्हनते. जुन्नरचे. पेठेत त्यांचं रेडू-टेप दुरुस्तीचं दुकान व्हतं. रेडू गेले, टेप गेले, मंग टीव्ही बी कोन दुरुस्त करंना. दुकानात पुतन्या मोबाईलची कव्हरं इकाया लागला. चाचांची बायको जाऊन लई वरसं झाली व्हती, मूलबाळ न्हाई. त्यांनी आपल्या पेट्या उचलल्या आन् हिकडं आले. टेम्पोतनं येक वळकटी उतरली आन् बाकी समद्या वायरींच्या पेट्या. सगळ्यात शेवटी चादरीत गुंडाळलेलं कायतरी त्यांनी सोता छातीशी धरून उतरवलं. मला वाटलं देव्हारा हाय का काय. मंग ध्यानात आलं, ह्यांचा कुठला देव्हारा.

हेलिकॉप्टर व्हतं. खेळन्यातलं नव्हं. चांगलं करडायेवढं, शेपटी लांब, खाली दोन पायट्या. त्याच्यात मानूस बसत न्हाई, रिमोटवर उडतं. म्हनजे उडतं आसं ते म्हनायचे.

"जुन्नरात गल्लीत वायरींचं जाळं झालंय, आक्का. इकडून तिकडं कबुतर जाताना अडकतं. हे कुठं उडवणार? म्हणून हे रान."

मी म्हनलं, "उडवा बापडं. भात तुडवू नका म्हंजे झालं."

मी तळेघरच्या वरची. दुसरीपतुर शिकले, तिथं शाळंला जायचं मंजे डोंगूर उतरायचा. लगीन झालं ते बी तसल्याच वाडीत. नाचनी, थोडा भात, आन् चालनं. येष्टी यायची ती बी आली तर. नवरा तापानं फनफनला तवा डोलीत घालून खाली आनत व्हते, निम्म्या वाटंत डोली खाली ठिवली. पुढं न्ह्यायचं कारन ऱ्हायलं न्हाई. पोरगं लहान व्हतं. मी खाली आले, नारानगावाकडं टोमॅटो तोडायला गेले, दुसऱ्याच्या वावरात खुरपलं, आन् हितं भावकीतल्या येकाकडून ही जागा घेऊन दोन खोल्या उभ्या केल्या. आता पोरगं चाकनला कंपनीत हाय, त्याचं त्याला झालंय. येक खोली मला, येक भाड्याला. हे सांगायचं येवढ्यासाठी, की मला कुनाची कवतिकं करत बसायची सवं न्हाई. चाचांचं करते ते त्यांनी करायला लावलं म्हनून.

त्यांची येक तऱ्हा व्हती. कुटलीबी गोष्ट सुरू करायची त्याची येक रीत, बंद करायची येक रीत. सुरू करताना आधी रिमोट चालू करायचा, मंग हेलिकॉप्टर. बंद करताना आधी हेलिकॉप्टर, मंग रिमोट. "आधी हातातलं, मग लांबचं. बंद करताना उलट. आधी लांबचं, मग हातातलं. लांबच्याला कधी बिनधन्याचं ठेवायचं नाय, आक्का. धनी नसला की ते कुणाचं पण ऐकतं."

हे त्यांनी मशीनीपुरतं ठिवलं आसतं तर ठीक. पर माजा ग्यास आला तवा वट्यावर उभं ऱ्हाऊन मला शिकवलं. "आधी काडी पेटवा, मग बटण. बंद करताना आधी टाकीचं, मग शेगडीचं." येष्टीत बसायच्या आधी येष्टीला फेरी मारून टायर बगायचे. कंडक्टर वरडायचा, "चाचा, येष्टी इकत घ्यायची का?" च्याचा कप धरायच्या आधी कान धरून हालवून बगायचे, निखळंल का म्हनून. दाराची कडी लावून परत वढून बगायचे, मंग परत येकदा.

घोडेगावच्या रस्त्याला येकदा मोठ्या बागायतदाराच्या पोरीचं लगीन व्हतं, नवरी खऱ्या हेलिकॉप्टरमधनं आली. समदं शिनोली पळालं बगायला. चाचा बी गेले. परत आले ते तोंड पाडून.

"काय झालं वो? नवरी चांगली नव्हती का?"

"नवरी नाय बघितली. पायलटनं निघताना शेपटी बघितली नाय. मी हात करून सांगत होतो, शेपटी बघ, शेपटी बघ. त्याला वाटलं मी टाटा करतोय. त्यानं पण टाटा केला."

दोन दिस त्याच गोष्टीनं अस्वस्थ व्हते. मंग हेलिकॉप्टर नीट पोचलं आसं कळलं तवा जेवले बरं.

जेवायचं त्यांचं माज्याकडंच ठरलं व्हतं. भाकरी, कालवन मी द्यायचे. पर कवा माज्या उंबऱ्याच्या आत पाय ठिवला न्हाई. ताट वट्यावर घ्यायचे, तिथंच धुवून ठिवायचे. गावात पैल्या पैल्यांदा येक-दोघी बोलल्याच व्हत्या. येकटी रांडमुंड बाई, आन् भाडेकरू ठिवला तो बी मुसलमान. मला काय, मी टोमॅटोच्या वावरात ह्याच्यापेक्षा वंगाळ ऐकलेलं. माजं मी गिळलं. त्यांच्या कानाव गेलं व्हतं का न्हाई, मला तवा ठावं नव्हतं.

आता टेस्टचं सांगते.

हेलिकॉप्टरच्या वरच्या दांड्याला येक ताटली आसती, रुपायायेवढी. त्या ताटलीला खालनं तीन बारके हात. माज्या लेखी ती कोपरं. रिमोटला दोन काड्या, अंगठ्यानं हालवायच्या. काडी हालली की कोपरं हालत्यात, कोपरं ताटली तिरकी करत्यात, आन् ताटली तिरकी झाली की मशीन तिकडं जानार. तर उडवायच्या आधी बगायचं, की रिमोटचं बोलनं लांबून त्या कोपरांना ऐकू येतं का. पंखं काढून ठिवायची, मोटरची वायर काढायची. रिमोटचं येक बटन दाबून त्याचा जोर कमी करायचा. कमी जोरात बी लांबनं ऐकू आलं, तर पुऱ्या जोरात कितीबी लांब जाईल, आसा त्यांचा हिशोब.

ह्याला दोन मानसं लागत्यात. येकानं मशीन धरून उभं ऱ्हायचं आन् येकानं रिमोट घेऊन लांब लांब जायचं. दुसरं मानूस म्हनून त्यांनी मला इचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"काय कळायचं नाय त्यात. जे दिसतं ते सांगायचं. कोपरं माझ्या हाताबरोबर हालतात का, का अडखळतात. मला बरं वाटावं म्हणून काय सांगू नका. तेवढंच."

मी मशीन बगलंत धरलं, करडू धरते तसं, आन् माळाव उभी ऱ्हायले. चाचा बांधाबांधानं लांब गेले. तिकडनं वरडले, "आक्का, दिसतंय काय?" मला ते काय बोलले ते कळंना, मी काय बोलले ते त्यांना कळंना. दोघं बी वरडून वरडून दमलो.

मंग मी म्हनलं, आसं न्हाई व्हायचं. आमच्या डोंगरात ह्या धारंवरनं त्या धारंला बोलायचं तर शब्द पोचत न्हाई. शब्द वारा घेऊन जातो. तिथं हाळी घालत्यात. समदं ठीक आसलं तर येक लांब हाळी, दम संपस्तवर. कायतरी बिनसलं आसंल तर दोन तुटक. नवरा गेला तवा बी मी दोन तुटकच घातल्या व्हत्या, पल्याडच्या वाडीला. शब्द लागत न्हाईत.

मी चाचांना येक लांब हाळी घालून दावली. ते बांधावर थांबले, मागं फिरून बगितलं. धरनाच्या अंगाला तिचा आवाज जाऊन परत आला.

"आक्का," जवळ आल्यावर म्हनले, "तुमची रेंज माझ्यापेक्षा मोठी आहे."

तवापासनं रोज दुपारी टेस्ट. ते लांब जायाचे, काड्या हालवायाचे, मी कोपरं बगायची आन् हाळी घालायची. लांब मंजे ठीक. दोन तुटक मंजे अडखळलं. गावाला आदी हासू यायचं, मंग सवं झाली. माजी हाळी ऐकून बाया च्या ठिवायच्या.

फाट्यावरचा हॉटेलवाला माज्या पोराच्या वयाचा, तोंडाचा फाटका पर मनाचा बरा. रोज वरडायचा, "चाचा, कवा उडनार?"

"टेस्ट चालू आहे."

"आवो, तुमची टेस्ट संपंपतुर माजी पोरं लग्नाला येतील."

"मग लग्नात उडवू."

पर उडवत नव्हते. आज ही वायर बदल, उद्या ते कोपर बदल. मला वाटायचं, ह्या मानसाला उडवायचंच न्हाई, निस्तं तपासायचंय. येक दिस मी तसं बोलले बी. ते हासले न्हाईत. म्हनले, "आक्का, आयुष्यभर दुसऱ्यांचे बंद पडलेले डबे बोलते केले. घेऊन जायचे लोक. आपलं, सोताच्या हातानं जुळवलेलं, एकदा वर गेलेलं बघायचंय. एकदाच. पण पडताना नाय बघायचं."

येवढंच त्यांचं मागनं व्हतं. दुसरं कायबी न्हाई.

भात पोटरीला आला व्हता तवाची गोष्ट. मी मशीन धरून उभी, चाचा लांब. ते हात थांबवून उभे व्हते, काड्या मधी. तवा कोपरं गप पायजेत. तर ती गप न्हाईत. बारीक बारीक थरथरत्यात. पाखराचं पिल्लू हातात धरल्याव कसं लागतं, तसं माज्या बगलंला लागाया लागलं. मी दोन तुटक हाळ्या घातल्या.

चाचा पळत आले. "काय?"

"थरथर हाय."

त्यांनी मशीनीतला रिसीव्हर, रिमोटचं ऐकनारी डबी, बदलला. दुसऱ्या दिशी परत थरथर. कोपरं बदलली. थरथर. पुन्याहून नवी बॅटरी आनली. थरथर. टावरला शिव्या घातल्या. मंग म्हनले रिमोटच्या काड्या झिजल्यात, त्या खोलून साफ केल्या. महिना-दोन महिनं हेच. कदी जास्ती, कदी कमी, पर हाय.

येका दुपारी लांब बांधाव ते व्हते तवा त्यांची निमाजाची येळ झाली. टॉवेल आंथरला, रिमोट तसाच चालू दगडाव ठिवला, आन् बसले. मी मशीन खाली ठिवायचं न्हाई, ही रीत ठरलेली. मी धरून उभी. सजच ताटलीकडं नजर गेली. कोपरं गप. दगडासारखी गप. पार निमाज व्हईपतुर येक काटा हालला न्हाई. मंग ते उठले, टॉवेल झाडला, रिमोट हातात घेतला. आन् माज्या बगलंत पाखरू परत जागं झालं.

माजी सासू मरायच्या आधी आशीच थरथरायची. कपातला च्या बशीत, बशीतला पदराव. त्यामुळं मला काय कळायचं ते कळलं.

ते आले. जे दिसतं ते सांगायचं, आसं ठरलेलं. मी सांगितलं, "तुमी निमाजाला बसला तवा थरथर नव्हती."

"अस्सं," म्हनले. आन् हेलिकॉप्टर माज्याकडनं घेऊन खोलीत गेले. त्या दिशी भाकरी अर्धीच खाल्ली.

दुसऱ्या दिशी येकटेच बांधाव गेले. रिमोट दगडाव ठिवला, हात मागं बांधून उभे ऱ्हायले आन् माज्याकडं बगितलं. मी लांब हाळी घातली. मंग रिमोट उचलला. मी दोन तुटक घातल्या. परत ठिवला. लांब. परत उचलला. तुटक. लई वेळ चाललं ते. समदं तपासून झालं व्हतं, येवढं येकच तपासायचं ऱ्हायलं व्हतं, ते बी त्यांनी तपासलं.

जवळ आले तवा म्हनले, "मशीन चांगली आहे, आक्का. पहिल्यापासून चांगली होती."

मंचरच्या डॉक्टरनं कंपवात सांगितला. गोळ्या दिल्या. गोळी घेतली की सकाळच्या पारी थोडा वेळ हात गप ऱ्हायचा. तेवढ्या वेळात ते शर्टाची बटनं लावून घ्यायचे, दाढी करायचे. येक दिस वट्याव बसून म्हनले, "त्या वेळात उडवतो. आता टेस्ट लांबवण्यात अर्थ नाय."

भात काढलेलं व्हतं, खाचर मोकळं. थंडीची सकाळ, वारं नव्हतं. मी म्हनलं, नवी गाडी आली तर आमी कुंकू लावतो, लावू का? म्हनले, "लावा. पण खाली पायटीला. वर नको." मी पायटीला हळदीकुंकू लावलं. पंखं पैल्यांदा चढवली. पंखांसकट ते मला येगळंच दिसलं, शेळीला शिंगं फुटावी तसं. हॉटेलवाल्यानं बातमी फोडलीच व्हती. रस्त्याच्या कडंला पंधरा-वीस मानसं, बाया बी, च्याचं गिलास घेऊन उभी.

"आधी टेस्ट," चाचा म्हनले. पंखं लावलेलं मशीन बगलंत धरायचं न्हाई म्हनून ती परत काढली. मी मशीन धरलं. ते बांधाव गेले, काड्या मधी ठिवून थांबले.

मी बगत व्हते. गप. गप. मला वाटलं, झालं. छाती भरून हाळीचा दम घेतला. आन् तेवढ्यात लागलं. लई बारीक, लक्ष दिलं न्हाई तर कळनार बी न्हाई आसं. पर हाय.

दम घेतलेला व्हता. लांब घातली आसती तरी कुनाला कळलं नसतं.

मी दोन तुटक घातल्या.

चाचा आले. मी म्हनलं, "थोडीच हाय."

"थोडी म्हणजे आहे."

"आवो, खाचर मोकळं हाय. कुनी मधी न्हाई. पडलं तर माज्या रानात पडंल, उडवा."

"माझं मी पडताना बघणार नाय, आक्का."

मंग मी म्हनलं, आन् हे मी इचार न करता म्हनलं, "मी तुमची मनगटं धरते. माजा हात हालत न्हाई. तुमी अंगठं चालवा, मी खालनं धरून ऱ्हाते."

खरंच हालत न्हाई माजा हात. भात लावून लावून आन् इळा धरून धरून झालाय तसा.

चाचांनी माज्या हाताकडं बगितलं. मंग मान फिरवून रस्त्याकडं बगितलं. तिथं समदी उभी व्हती. त्या येक-दोघी बी व्हत्या.

"नको," हळूच म्हनले. "मला काय, मी उठून जुन्नरला जाईन. तुम्हाला या गावात राहायचंय."

तवा मला कळलं, की बायांचं बोलनं त्यांच्या कानाव गेलेलं व्हतं. पैल्यापासनं.

"मला काय फरक पडत न्हाई," मी म्हनलं.

"मला पडतो."

खाली बसले आन् पंखं येकेक करून जुन्या लुंगीच्या तुकड्यात गुंडाळली. हॉटेलवाला तिकडनं वरडला, "चाचा, कवा उडनार?" त्याला काय म्हाईत.

"टेस्ट चालू आहे," चाचा म्हनले. मान वर केली न्हाई.

त्यानंतर येकदा पुतन्या आला व्हता. चांगला पोरगा. त्यानं येक डबी आनली व्हती काड्यापेटीयेवढी. म्हनला, "चाचा, हे बसवलं की हात सोडला तरी ते आपोआप हवेत थांबतं. ड्रोनसारखं. तुमचा हात कसा पण असू दे, ते सांभाळून घेतं."

चाचांनी डबी हातात घेऊन उलटीसुलटी केली. "चांगली आहे," म्हनले. "मग मी कशाला?"

पुतन्यानं डबी परत खिशात घातली.

पुढच्या पावसाळ्याच्या आत त्यांना बटनं लावता येईनात, भाकरीचा तुकडा मोडता येईना. मी भाकरी चुरून द्यायला लागले. येक दिस ताटातलं समदं वट्याव सांडलं. मी पुसाया वाकले तर म्हनले, "राहू द्या, आक्का. आता पुतण्याला फोन करा."

टेम्पो आला. वायरींच्या पेट्या चढल्या. हेलिकॉप्टर त्यांनी चढवू दिलं न्हाई. "हे तिकडं कुठं ठेवू, वायरींच्या जाळ्यात. हे तुमच्याकडं राहू द्या. रिमोट मी नेतो."

"मंग दोन्ही बिनकामाची व्हतील की."

"लांबचं तुमच्याकडं, हातातलं माझ्याकडं. असंच असतं ते."

दिवाळी झाल्याव पुतन्याचा फोन आला, चाचा आठवन काढत्यात. मी हेलिकॉप्टर गोधडीत गुंडाळलं आन् येष्टीत बसले. कंडक्टरनं गोधडीतनं शेपटी बगितली. "आजी, करडू हाय का? त्याला तिकीट लागंल."

"हेलिकॉप्टर हाय."

"मंग उडत जायाचं की. येष्टीत कशाला धक्के खाता?"

जुन्नरला त्यांच्या गल्लीत गेले. खरंच वायरींचं जाळं. चाचा खाटंव. अंगात काय ऱ्हायलं नव्हतं, हातच तेवढे चालू, थांबतच नव्हते. मला बगून डोळ्यांनी वळखलं. पुतन्याला म्हनले, "बॅटरी."

पुतन्यानं बॅटरी लावली. त्यांच्या हातात रिमोट दिला. आधी हातातलं, मंग लांबचं. मी हेलिकॉप्टर बगलंत धरून खाटंच्या पायथ्याला उभी ऱ्हायले. दोन हाताचं अंतर. कोपरं नुसती नाचाया लागली. पाखरू न्हाई, पाखरांचा थवाच.

"सांगा," म्हनले.

"थरथर हाय."

"असं नाय. हाळी घाला."

"आवो, हितं गल्लीत? मानसं काय म्हनतील?"

"म्हणू द्या. मला नाय राहायचं आता इथं."

मी दोन तुटक हाळ्या घातल्या. समोरच्या माडीच्या खिडक्या उघडल्या. येक म्हातारी दारात आली. पुतन्याची बायको आतनं कनकीचे हात घेऊन पळत आली. चाचा हासाया लागले. हासताना बी हात थांबंनात.

"म्हणजे पोचतंय," म्हनले. "अजून आहे मी."

ते लई दिस न्हाई ऱ्हायले त्यानंतर. मला कळलं तवा माती झाली व्हती. पुतन्या आपनहून आला, रिमोट घेऊन. म्हनला, चाचांनी सांगितलंय तुमाला द्यायला. बॅटऱ्या भरून दिल्या, कशा भरायच्या ते दावलं. मी म्हनलं, म्हाईत हाय.

मला रातीला झोप येत न्हाई आसं काय न्हाई. नवरा वाटंत गेला, त्याचं बी मी कुनाला सांगत बसले न्हाई. पर त्या सकाळचा तो घेतलेला दम येतो मधीच ध्यानात, खुरपताना, भाकरी थापताना. छाती भरलेली व्हती. लांब हाळी घातली आसती तर त्यांनी पंखं चढवली आसती. कदाचित पडलं आसतं. पर पडायच्या आधी वर तर गेलं आसतं. खरं बोलले म्हनून ते खालीच ऱ्हायलं. आता खरं बोलायचं ठरलं व्हतं, त्याला मी काय करू.

परवा भात काढून झालं. सकाळी वारं नव्हतं. मी हेलिकॉप्टर माळाव न्हेऊन ठिवलं. बांधाव गेले, तो दगड अजून तिथंच हाय. त्याच्याव रिमोट ठिवून चालू केला. परत येऊन हेलिकॉप्टर चालू केलं आन् बगलंत धरलं.

ताटलीकडं बगत उभी ऱ्हायले. लई वेळ. कोपरं गप. येक काटा हालला न्हाई.

मंग मी दम घेतला आन् येक लांब हाळी घातली. दम संपस्तवर. धरनाकडं जाऊन ती परत आली.

फाट्यावरनं हॉटेलवाला पळत माळाव आला, हातात फडकं तसंच. "आक्का, काय झालं? कुनाला हाळी घालता?"

"टेस्ट झाली," मी म्हनलं.

तो हेलिकॉप्टरकडं बगत ऱ्हायला, मंग तिकडं दगडाकडं.

मी आधी लांबचं बंद केलं. मंग बांधाव जाऊन हातातलं.